खैरापाणीच्या दिवाळीची तारीख

आपल्या देशात सुट्ट्यांना तोटा नाही, असं म्हणायची सगळ्यांना सवय आहे. म्हणणारा बहुतेक वेळा सुट्टी घेऊन घरीच बसलेला असतो. मी जळगावच्या एमआयडीसीत एका डाळमिलच्या वजनकाट्यावर काम करतो, त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे. काट्याच्या खिडकीतून मिलचं फाटक समोर दिसतं. कोण कुठल्या सणाला त्या फाटकातून पिशवी घेऊन बाहेर पडतो आणि कोण आत राहतो, हे बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

मिल कन्हैयालाल शेठची. त्यांचे आजोबा मारवाडातून लोटा-दोरी घेऊन आले होते, असं ते स्वतःच सांगत. शेठ जैन, त्यामुळे संवत्सरीला मिल बंद. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या खान्देशाच्या लेकी माहेरी येतात, म्हणून त्या दिवशी बंद ठेवावीच लागते, कारण उघडी ठेवली तरी येतं कोण? पोळ्याला सुट्टी आहे, जरी आता कामगारांपैकी कुणाच्या दारात बैल उरलेला नाही. चौदा एप्रिल आहे. तडवी कामगारांसाठी दोन्ही ईद आहेत. आमच्या घरी श्रावणात कानबाई बसते, तेव्हा मीही मेहरूणला घरी पसरून रोट खातो. शेठचं साधं तत्त्व होतं. ज्याचा देव ज्या दिवशी बोलावील त्या दिवशी त्याला अडवायचं नाही, आणि काम दुसऱ्या दिवशी दामदुपटीने करून घ्यायचं. धर्म तो धर्म आणि धंदा तो धंदा.

या सगळ्यात सुकलालचा सण कुठेच बसत नव्हता. सुकलाल लोडिंगचा मुकादम. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला खैरापाणी नावाचं पावरा लोकांचं गाव आहे, तिथला. अंगाने काटक, बोलायला कमी, आणि हाताखालच्या पाच-सहा जणांवर कधी आवाज न चढवणारा. आपली दिवाळी येते तेव्हा त्याच्या गावात काहीच नसतं. ज्वारी शेतात उभी असते, लोक कापणीत असतात. त्यांची दिवाळी येते हिवाळ्यात, धान्य घरात आल्यावर, आणि तीही प्रत्येक गावाची वेगळ्या दिवशी. आज या गावाची, चार दिवसांनी पलीकडच्या गावाची. एकाच दिवशी सगळ्यांनी केली तर पाहुणे कुणाकडे जाणार? लेकी सासरची दिवाळी करणार की माहेरची? म्हणून गावातली जाणती माणसं बसतात, आजूबाजूच्या गावांचं बघतात आणि दिवस सांगतात. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. मला विचाराल तर आपल्यापेक्षा शहाणी पद्धत आहे.

त्यामुळे लक्ष्मीपूजनाला मिल बंद झाली की राखणीला सुकलाल राहायचा. शहरभर फटाके, आणि हा फाटकाशी शेकोटी करून बसलेला. शेठच्या घरून मोहनबाई, म्हणजे शेठाणी, त्याच्यासाठी मिठाईचा डबा पाठवायच्या. मग हिवाळ्यात कधीतरी तो शेठच्या गादीसमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, गावाची दिवाळी ठरली. शेठ विचारायचे, कधी? तो म्हणायचा, परवा. शेठ हसायचे. "तू आमची दिवाळी राखली, आता तुझी दिवाळी आम्ही राखतो," म्हणायचे आणि वर तुरीच्या डाळीची पिशवी बांधून द्यायचे. लिहिलेलं कुठे काही नव्हतं. दोन माणसांमधली गोष्ट होती, आणि ती नीट चालली होती.

मग शेठचे कान गेले, गुडघे गेले, आणि ते सकाळपासून जैन स्थानकात सामायिक, म्हणजे जप-ध्यान, करत बसू लागले. गादीवर नातू आला. संयम. पुण्याला शिकलेला, गोरागोमटा, सगळ्यांना ‘अहो’ म्हणणारा मुलगा. त्याला वाईट म्हणायची माझी फार इच्छा आहे, पण तो वाईट नाही, हीच अडचण आहे. आल्या आल्या त्याने सगळ्यांना बोलावून सुट्ट्या ठरवल्या. प्रत्येकाला त्याचे सण विचारले, सगळ्यांना सारख्या सुट्ट्या दिल्या, फलकावर तारखा लावल्या. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. तडवींच्या ईदपुढे तर त्याने स्वतः लिहिलं, ‘चंद्र दिसेल त्याप्रमाणे’. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सुकलालची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, दिवाळीचे दोन दिवस. संयम म्हणाला, दिवाळी तर सगळ्यांनाच आहे. सुकलालने मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. मग मी समजावून सांगितलं. संयमने शांतपणे ऐकून घेतलं, त्याला ते आवडलंही. म्हणाला, फारच सुंदर प्रथा आहे, फक्त तारीख सांगा. सुकलाल म्हणाला, "आमनी दिवाईले तारीख ऱ्हास नही, शेठ. गाव ठरावस तवय दिवाई."

संयमला ते कळलं, पण फलकावर ते कसं लावायचं हे त्याला कळेना. परदेशी माल जातो, जहाजाची वेळ असते, मुकादम अचानक दोन दिवस नसेल तर कसं चालेल? ते त्याचंही खोटं नव्हतं. महिनाभर आधी तारीख द्या, सुट्टी पक्की, असं त्याने सांगून टाकलं. चंद्राला एक दिवस इकडे-तिकडे व्हायची मुभा मिळाली. खैरापाणीला मिळाली नाही.

एरवी सुकलालने खांदे उडवले असते आणि ऐनवेळी रजेशिवाय निघून गेला असता. पण त्या वर्षी तसं नव्हतं. त्याचा बाप अमरसिंग हा गावचा पुजारा. दिवाळीला गावाच्या शिवेवर वाघदेवाची पूजा होते, ती पिढ्यानपिढ्या याच घराने केलेली. पावसाळ्यापासून म्हाताऱ्याचे पाय लुळे पडले होते. चोपड्याच्या डॉक्टरने काय ते सांगितलं होतं आणि घरच्यांनी काय ते ओळखलं होतं. अमरसिंगचं एकच म्हणणं होतं: या दिवाळीला मला उचलून शिवेवर न्या, मी शेजारी बसतो, पूजा सुकलालच्या हातून होऊ दे, म्हणजे गावादेखत पुजारपण त्याच्याकडे गेलं. पुढच्या दिवाळीपर्यंत आपण टिकणार नाही हे त्याला ठाऊक होतं. सुकलालला त्या दिवशी तिथे असायलाच हवं होतं, बस्स. बाकी काही त्याला नको होतं.

सुकलालने बापाला फोनवर सगळं सांगितलं. माझ्या काट्याच्या खोलीतच बसून बोलत होता. त्यांची पावरी बोली मला धड कळत नाही. मग म्हाताऱ्याने एक प्रश्न विचारला. सुकलालने तो मला विचारला: कुणाला न विचारता मिल बंद असते असा हिवाळ्यातला दिवस कोणता? मी म्हणालो, सव्वीस जानेवारी. त्या दिवशी दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळं बंद. आणि त्या वर्षी तो रविवारला जोडून आला होता. सुकलालने तसं सांगितलं.

आठवड्याने कळलं की खैरापाणीची दिवाळी सव्वीस जानेवारीला ठरली. म्हाताऱ्याने ठरवून घेतली. सरकारच्या तारखेला गावाची दिवाळी, असं त्या गावात कधी झालं नव्हतं. शिवाय तो दिवस शेजारच्या बोरमाळने आधीच धरला होता. बोरमाळ मोठं गाव, खैरापाणीच्या निम्म्या लेकी तिथे दिलेल्या. सुकलालची धाकटी बहीण शीतल तिथलीच सून. दोन गावांची दिवाळी एका दिवशी म्हणजे शीतलला सासर सोडून यायची सोय नाही. बोरमाळची माणसं खैरापाणीत येऊन भांडून गेली. खैरापाणीतली माणसंही कुरकुरली, खुद्द अमरसिंगच्या भावाचा मुलगा पुना सगळ्यांत जास्त. पण अमरसिंग ऐकेना. म्हणाला, आपली तारीख आपण हलवू शकतो, सरकारची लाल तारीख कोणी हलवत नाही. माझा मुलगा त्या दिवशी नक्की येईल. चाळीस वर्षं गावाची पूजा केलेल्या माणसापुढे लोक गप्प बसले.

सुकलालने हे सांगितलं तेव्हा त्याला आनंद झाला होता, पण तो घाबरलाही होता. आपल्यासाठी एका माणसाने ताटात जास्त वाढलं तरी आपण अवघडतो. इथे अख्ख्या गावाने सण हलवला होता.

जानेवारी निम्मा गेला आणि शहरात एका मोठ्या महाराज साहेबांचा नगरप्रवेश ठरला. जैन समाजाने सगळे धंदे एक दिवस बंद ठेवायचं ठरवलं. मिरवणूक निघाली, कन्हैयालाल शेठ गुडघे दुखत असतानाही पायी चालले, घरच्या बायका, मुली केशरी साड्या नेसून निघाल्या. आम्हाला भरपगारी सुट्टी आणि वर लाडू. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी फलकावर लागलं की त्या सुट्टीच्या बदली सव्वीस जानेवारीला काम राहील. सकाळी झेंडावंदन, मग पाळी. रमजानच्या आधी आखातात पोचायचा हरभरा डाळीचा कंटेनर त्या दिवशी भरायचा होता, त्याला इलाज नव्हता.

मी संयमकडे गेलो. जरा चढ्या आवाजातच बोललो, माझा स्वभावच तसा आहे. त्याला सगळं पुन्हा सांगितलं: म्हातारा, पूजा, हलवलेली तारीख. त्याचा चेहरा खरोखर उतरला. मला आधी का नाही सांगितलं, म्हणाला. मग त्याने मार्ग काढला, म्हणाला, कंटेनर नरडाण्याला रिकामा होऊन सकाळी दहापर्यंत पोचतोय. बारापर्यंत तो भरून दिला की सुकलाल मोकळा, आणि मी माझ्या गाडीने त्याला गावापर्यंत सोडायला ड्रायव्हर देतो. पूजा कधी असते? मी म्हणालो, दिवस कलताना, ढोरं घरी येतात तेव्हा. मग तर भरपूर वेळ आहे, संयम म्हणाला. खरंच होता. सुकलालही म्हणाला, चालेल. रविवारीच जाऊन बसण्यापेक्षा सोमवारी काम उरकून जातो. आपल्या माणसांनी एक दिवस ओझं उचलायचं आणि आपण गावाला जाऊन बसायचं, हे त्याला पटत नव्हतं.

सव्वीस तारखेला सकाळी झेंडावंदन झालं. संयमने चार शब्द सांगितले, राज्यघटनेने आपल्याला काय दिलं वगैरे. बुंदी वाटली. सुकलाल नवा पांढरा सदरा घालून आला होता, कामाला लागताना तो काढून माझ्या खोलीत खुंटीला अडकवला. खाली धोतराचं पान घडी करून ठेवलं, पूजेला नेसायचं म्हणून.

दहा वाजले, कंटेनर नाही. कंटेनरच्या ड्रायव्हरला फोन केला. तो धुळ्याबाहेर अडकला होता. प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीसाठी अवजड गाड्या थांबवल्या होत्या. तो म्हणाला, सोडतच आहेत, आलोच. अकराला सुकलालला गावाहून फोन आला. कुठे आहेस? तो म्हणाला, निघतोच. बाराला ड्रायव्हर म्हणाला, पारोळा. मग एरंडोलला पुन्हा कसला तरी बंदोबस्त. गावाहून पुन्हा फोन. आलोच. ड्रायव्हर आम्हाला आलोच म्हणत होता आणि सुकलाल बापाला. दुपारी मी त्याला म्हणालो, तू जा, मी बघतो काय ते. तो दोन पावलं फाटकाकडे गेलाही. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला की पाळधीला पोचलो. पाळधी म्हणजे अगदीच जवळ. तासाभरात भरून होईल, दिवस अजून वर आहे, गाडी तयार आहे. संयम शेठला शब्द दिलाय. सुकलाल परत फिरला.

आता कुणीही म्हणेल की तो का थांबला? मलाही त्या वेळी त्याचा राग आला होता. पण ज्याच्या नावावर पाच माणसांची भाकरी चालते, त्याचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं होतं. तो निघून गेला असता तर संयमने काही म्हटलं नसतं. पण दुसऱ्या दिवशीपासून पावरे लोक भरवशाचे नाहीत, असं सगळी एमआयडीसी म्हणाली असती.

पाळधीच्या पुढे कंटेनरचा टायर फुटला.

तो फाटकातून आत आला तेव्हा उन्हं उतरली होती. सुकलालने माणसांना हाक मारली नाही, काही नाही. स्वतः डाळीचे कट्टे उचलायला लागला. मुकादम सहसा उचलत नाही. इतरांनी त्याच्याकडे बघितलं आणि तेही लागले. मधे त्याचा फोन माझ्या खोलीत वाजत राहिला. मी उचलला नाही. मी काय सांगणार होतो? मग तो वाजायचा थांबला. कंटेनर भरून गेला तेव्हा रात्र झाली होती, पूजेची वेळ केव्हाच टळली होती.

त्या रात्री त्याला झोप लागली नसणारच, मलाही लागली नाही. पहाटे मी मोटारसायकल काढली. संयमची गाडी तयार होती, पण सुकलाल तिच्यात बसायला तयार नव्हता. विदगावचा पूल, धानोरा, अडावद, मग डोंगराकडचा रस्ता. थंडी मी म्हणत होती. तो माझ्या मागे बसला होता. नवा सदरा त्याने घातला नव्हता, पिशवीत होता.

खैरापाणीत पोचलो तेव्हा सण होऊन गेलेल्या गावाला जो उतरलेपणा असतो तो सगळीकडे पसरला होता. ढोल भिंतींना टेकून ठेवले होते. ढोरांच्या शिंगांना लावलेला गेरू ओलाच वाटत होता. आम्हाला बघून ओट्यावरचे दोघे-तिघे उठून आत गेले. सुकलालला कुणी राम राम केला नाही.

अमरसिंग खाटेवर होता, भिंतीला टेकून बसवलेला. मुलाला बघून त्याने हात पुढे केला. मला वाटलं, आता हा रागावेल, शिव्या देईल, आणि ते बरंही झालं असतं. तो नुसता मुलाचा हात धरून बसला. सुकलालने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या पायांना ते कळलं की नाही, कोण जाणे.

बोलली ती सुकलालची आई, दिवालीबाई. ती मुलाशी बोलली नाही, माझ्याशी बोलली, आणि मला कळावं म्हणून आमच्या खान्देशीत बोलली. दुपारीच म्हाताऱ्याला खाटेसकट शिवेवर नेलं होतं. सगळं गाव जमलं. ढोरं आली. पुजाऱ्याने हात लावल्याशिवाय ढोरांना गावात घ्यायचं नसतं, म्हणून माणसं त्यांना शिवेवरच धरून उभी राहिली. लहान पोरं रडायला लागली. ‘येतोय, येतोय’ असं म्हातारा प्रत्येकाला सांगत होता. "तू ‘येस, येस’ म्हने," शेवटी ती मुलाकडे वळून म्हणाली, "नि बठ्ठं गाव वाट दखे. ढोरं बी वाट दखेत."

अंधार पडल्यावर गावाने निर्णय घेतला. पूजा पुनाच्या हातून झाली. अमरसिंगनेच ताट पुनाच्या हातात दिलं. दुसरा काही मार्गच नव्हता. पूजा झाल्यावर लोक नाचले, पण रात्रभर चालणारा नाच लवकरच थांबला, असं दिवालीबाई म्हणाली. शीतल तर आलीच नव्हती. तिच्या सासरी त्याच वेळी त्यांचा ढोल वाजत होता.

मी दुपारी परत निघालो. सुकलाल चार दिवसांनी आला. संयमने त्याचा पगार कापला नाही, उलट सव्वीस तारखेचा दुप्पट दिला. सुकलालने तो घेतला. न घेऊन काय करणार होता?

कन्हैयालाल शेठना हे सगळं कुणीतरी कानात ओरडून सांगितलं. त्यांनी नातवाला काय सुनावलं मला माहीत नाही, पण पुढचे काही दिवस संयम काट्याकडे आला की माझ्याशी नजर मिळवत नव्हता. मग त्याने फलकावर स्वतःच्या हाताने लावलं: ‘सुकलाल, दिवाळी, दोन दिवस, गाव ठरवेल तेव्हा.’ मला चीड आली ती त्या फलकाची. वरातीमागून घोडं आणलं, तेही सजवून. पण त्याच्यापुढे म्हणायचं तरी काय? त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

अमरसिंग पावसाळ्यात गेला. त्या वर्षी खैरापाणीत आणखीही काय काय झालं. दोन बैल वीज पडून मेले. बोरमाळने येणं-जाणं तोडलं, शीतलला बापाच्या मातीलासुद्धा उशिरा पाठवलं. एका घरातलं लेकरू तापाने दगावलं. दरवर्षी कुठल्याही गावात या गोष्टी घडतात. पण गावाने सगळ्यांचा धागा एकाच दिवसाला नेऊन बांधला. सरकारच्या तारखेला सण धरला, वाघदेवाला ताटकळत ठेवलं, आणि ज्याच्यासाठी हे केलं तो आलाच नाही. पुना हे उघड बोलायचा. बाकीचे मनात.

सुकलाल हे मला तुकड्यातुकड्याने सांगायचा, पोती मोजताना, चहा पिताना. सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नसायची. मला मात्र राग यायचा, आणि कुणावर काढावा ते कळायचं नाही. महाराजांवर? रमजानवर? प्रजासत्ताकावर? टायरवर? सगळे आपापल्या जागी बरोबरच होते.

पुन्हा हिवाळा आला. लक्ष्मीपूजनाला सुकलालने नेहमीसारखी राखण केली. मग डिसेंबर संपला, जानेवारी लागला. संयम अधूनमधून विचारायचा, काय सुकलाल, ठरली का? मला त्या पोराचं कौतुक वाटायचं आणि त्याचा गळाही धरावासा वाटायचा. त्याला ती सुट्टी द्यायची घाई झाली होती.

जानेवारीतल्या एका सकाळी मी काट्याची खोली उघडायला आलो तर सुकलाल पायरीवर बसला होता. बिडी हातात होती, पेटवलेली नव्हती. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "मायना फोन उन्था, भाऊ. आज शे दिवाई."

मला आधी आनंदच झाला. मी म्हणालो, मग बसलास काय? दुपारपर्यंत पोचशील. गाडी काढू का? त्याने मान हलवली. "माय म्हने, येऊ नको. तू दिसना का लोकेसले तोच दिन याद येस."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, आई असं कशी म्हणेल, तू नीट ऐकलं नसशील. पण त्याने नीटच ऐकलं होतं. दिवालीबाईला त्याच गावात राहायचं होतं, पुनाच्या शेजारी, विधवा म्हणून, एकटीने. मुलगा आला असता तर सणाच्या दिवशी तिच्या दारात कुणी आलं नसतं. ती रडली का, हे मी त्याला विचारलं नाही.

पाळी सुरू झाली. दोन ट्रक लागले होते. सुकलाल उभा राहून पोती मोजून घेत होता, रोजच्यासारखा. दहाच्या सुमारास संयम गाडीतून उतरला, हातात मोबाइल, चेहरा प्रसन्न. माझ्या खिडकीपाशी थांबून त्याने फलकाकडे बघितलं आणि सुकलालला हाक मारली. विचारलं, अहो सुकलाल, जानेवारी संपत आला, तुमची दिवाळी कधी? लाजू नका, उद्या म्हणालात तरी उद्या सोडतो.

मी सुकलालकडे बघितलं. तो खाली मान घालून डोक्याचं पागोटं सारखं करत होता. खैरापाणीत या वेळी घरं सारवून झाली असतील, ढोल तापवत असतील.

"नही ठरनी अजून, शेठ," तो म्हणाला.

संयम म्हणाला, ठरली की लगेच सांगा, आणि आत गेला. सुकलाल पुढचं पोतं मोजायला वळला. मी काटा शून्यावर आणला आणि ट्रकवाल्याला पुढे यायची खूण केली.